सरड्याचं पळणं

चिसाले बाईंनी खोक्याचं झाकण उघडलं आणि सहावीचा अर्धा वर्ग दारातून बाहेर पळाला. उरलेला भिंतीला चिकटला. खोक्यात घोयरा सरडा होता, रंग बदलणारा, एक डोळा पुढे नि एक मागे फिरवणारा. खरं तर सगळ्यांत जास्त भ्यालेला तोच होता बिचारा.

आणि खोटं कशाला बोला, बाईही भ्यालेल्याच होत्या. त्याही याच डेड्झाच्या डोंगरातल्या. घोयरा दिसला की वाट बदलायची, हे त्या आईच्या पाठीवर असल्यापासून शिकलेल्या. पण नुसता फळ्यावर सरडा काढून पोरांना सरडा कळतो होय? म्हणून उद्या सरडा आणणार, असं काल वर्गात सांगून ठेवलं आणि आज सकाळी पेरूच्या झाडावरून तो काठीने खोक्यात घेतला, डोळे मिटून.

"बाई, याच्यामुळेच माणसं मरतात," दाराबाहेरून डालित्सो म्हणाला. "माणसं मरणार नाहीत, असा देवाचा निरोप याच्याकडे होता. हा रमतगमत निघाला. तोवर पाल उलटा निरोप घेऊन पोचलीसुद्धा, आणि तोच कायम झाला."

"मला सांगतोस? मी काय ब्लँटायर शहरातून आलेय? आत ये आणि त्याचे पाय बघ."

कोण येतंय! तेवढ्यात मागून तियामिके पुढे आली. पावसाळ्यात तिचा धाकटा भाऊ कोंडवानी तापाने गेला, तेव्हापासून वर्गात या पोरीचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाईंना बरं वाटलं. मग त्यांना तिची मूठ दिसली. बोटांच्या फटीतून तपकीर सांडत होती, तिच्या मामाच्या डबीतली. घोयऱ्याच्या तोंडात तपकीर कोंबली की तो तडफडून मरतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निरोपाला उशीर केलास ना मेल्या, आता भोग, असं म्हणत कोंबायची.

तिची मूठ धरली असती तर सरडा वाचला असता, पण पोरगी कायमची हातची गेली असती. त्यांनी काठीवर सरडा घेतला आणि काठी तिच्या मोकळ्या हातात दिली.

"आडवी धर. त्याला या टोकापासून तुझ्या हातापर्यंत चालू दे. नीट बघ. मग तुला हवं ते कर."

सरड्याने एक पाय उचलला, हवेतच धरला, पुढेमागे झुलला आणि मग कुठे ठेवला. ठेवला तो चिमट्यासारखा, थोडी बोटं इकडून, थोडी तिकडून. मग दुसरा पाय. पुन्हा झुलणं.

"चल ना," तियामिके पुटपुटली. "चल की रे. लवकर."

तिने काठी हलवली. सरडा भीतीने काळा पडला, त्याने तोंड वासलं, पाय उचलला, झुलला. तोंड उघडं होतं आणि मूठ वीतभर अंतरावर.

सरडा काठीच्या टोकाला आला आणि तिच्या मनगटावर चढला. तियामिकेने हात झटकला नाही.

"बाई, हा पळतोय," ती म्हणाली.

"हो गं."

"याचं पळणं एवढंच असतं?"

"तू बघितलंस ना? तूच सांग."

"म्हणजे तो रमला नव्हता वाटेत." एवढं म्हणून ती रडायला लागली, कोंडवानी गेल्यापासून पहिल्यांदा. मूठ उघडली आणि तपकीर जमिनीवर पडली. बाईंनी तिला पोटाशी धरलं. मध्ये सरडा होता, याचं त्यांना भानही राहिलं नाही.

शाळा सुटल्यावर बाईंनी विचारलं, "पेरूवर सोडायचा?"

"तिथे डालित्सो दगड मारेल. कबरींच्या राईत सोडू. तिथली झाडं कुणी तोडत नाही."

मयत असल्याशिवाय त्या राईत पाऊल टाकायचं नसतं. म्हणून दोघी कडेलाच थांबल्या. तियामिकेने पहिल्याच फांदीवर सरडा ठेवला, तोंड आत करून.

"डावीकडे जा. नवी माती दिसेल," ती त्याला म्हणाली. "उशीर झाला तरी चालेल. कोंडवानीला सांग, तू निघाला होतास म्हणून."

सरड्याने पाय उचलला आणि झुलला. तो पानांत दिसेनासा होईपर्यंत दोघी उभ्या होत्या. बराच वेळ लागला. या वेळी त्याला कुणी घाई केली नाही.