बिनदाण्याची भज्जी

"थांब, ताट मागं घे," गुरम्मा म्हणाली.

ऋतुजानं ताट आणखीच पुढं केलं. दहावीतली पोरगी, सकाळपासून शेतभर हुंदडून आलेली. वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला तिला दम निघतोय कुठला? आत्या, दगडाच्या पांडवांना पोटभर वाढलं आणि मी उपाशी का, असं तिनं विचारलं तशी कडब्याच्या कोपीत बसलेली सगळी हसली. गुरम्मा हसली नाही. तिच्या पळीत, मिसळीच्या भज्जीतल्या हिरव्या तुरीच्या आणि वालाच्या दाण्यांमध्ये, एक फिकट पाकळी फुगून वर आली होती. तिनं पातेलं ढवळलं. आणखी दोन वर आल्या.

शेंगदाणा.

चार वर्षांची असताना याच शेतात ऋतुजानं दाण्याचा लाडू खाल्ला होता. बघता बघता ओठ सुजले, श्वास अडकला, पोरगी निळी पडायला लागली. बाप शिवमूर्तीनं तिला आधी निलंग्याला आणि तिथून लातूरला पळवलं, म्हणून ती हाती लागली. त्या दिवसापासून गुरम्मानं घरातून दाणा हद्दपार केला. दाण्याच्या कुटाशिवाय आपल्याकडं स्वयंपाक करायचा म्हणजे काय चेष्टा आहे? पण तिनं तो करून दाखवला. वांग्याच्या रश्शाला तीळ आणि खोबरं, भाकरीशी जवसाची चटणी, फोडणीला घरच्या करडीचं तेल. उपासाच्या खिचडीत दाण्याऐवजी खोबऱ्याचा कीस पडला, तेव्हा शिवमूर्ती म्हणाला होता, अक्का, ही खिचडी बघून महादेवसुद्धा उपास सोडून भाकरी मागंल. लग्नाकार्यात ती पोरीचा डबा घेऊनच पंगतीला बसायची. आमच्या हातात इख हाय का, असं बायका टोचून विचारायच्या. पोरीसाठी हाय, एवढंच म्हणून ती डबा उघडायची.

लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्यानं माघारी धाडलेली बाई. भावाच्या घरात तिला कुणी कमी केलं नाही. पण माझं म्हणावं असंही तिथं काही नव्हतं. ऋतूचं पातेलं तेवढं तिचं. पोरीच्या सख्ख्या आईलाही, आरतीला, ती त्याला हात लावू द्यायची नाही.

म्हणून आता तिचा राग आधी आरतीवरच गेला.

"दाणे कुणी टाकले गं यात?"

आरतीचा चेहरा उतरला. "अक्का, मला कवा हात लावू देता तुम्ही? पहाटे तुम्हीच केली की भज्जी."

"मग काय आपोआप पडले? पोटच्या पोरीच्या जिवाशी खेळती का?"

ऋतुजाचं ताट अलगद खाली गेलं. घसरलेला पदर सावरायला गुरम्मानं हात वर केला, आणि तो तसाच राहिला. नखांत लाल साल अडकली होती. भाजून चोळलेल्या दाण्याची, पातळ, कागदासारखी.

मग तिला आठवलं. पहाटे चुलीपुढं आई उभी होती. काल बाजारातही होती. दाणे इसरू नको गुरू, त्याबिगर भज्जीला चव न्हाई, असं म्हणाली होती. किती बरं वाटलं होतं तेव्हा. आई जाऊन किती वर्षं झाली, हे मात्र तेव्हा सुचलंच नव्हतं. मागं एकदा तिनं ऋतूला आपल्या मेलेल्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती. चुलीवर तवा ठेवून ती देवळात निघून गेली होती. तेव्हा सगळे हसले होते. ती सगळ्यांत मोठ्यानं.

नखं अजून कुणी पाहिली नव्हती. मूठ मिटली असती तर आरतीच्या माथी बसलं असतं.

गुरम्मानं हात आरतीसमोर धरला. "मीच टाकले. तुला उगं बोलले."

"होतं की अक्का," शिवमूर्ती हळूच म्हणाला. "एखाद्या दिवशी माणूस चुकतंय."

"ऋतूला एकच दिवस पुरंल." तिनं पळीनं एक पाकळी वर काढली. "आज नुसते फोडलेले होते म्हणून दिसले. कूट टाकलं असतं तर?"

तिनं पळी आरतीच्या हातात दिली. उद्यापासून ऋतूचं तू करायचं, मी लांब बसून सांगंन, तीळ मंद आचेवर भाज, तुला घाई लई. आरतीनं पळी घेतली, पण तिला वर बघवेना.

गुरम्मा विहिरीवरच्या पंपापाशी गेली. साबणाच्या चिपेनं हात धुतले, काडीनं नखं कोरली, पुन्हा धुतले. मागं ऋतुजा येऊन उभी राहिली. येताना तिनं हरभऱ्याचा एक डहाळा उपटून आणला होता. हरभऱ्याची आंब, पाल्यावरचा तो आंबट खार, पोरीच्या बोटांना झोंबते म्हणून दर वर्षी आत्याच घाटे सोलायची आणि तिच्या तळहातावर एकेक दाणा ठेवायची.

ऋतुजानं नेहमीसारखा डहाळा पुढं केला. गुरम्मानं ओले हात पदरात गुंडाळून घेतले.

"तूच सोल."

"आत्या, धुतलेस की हात."

"सोल."

ऋतुजा बांधावर बसली. घाटे फोडता फोडता तिची बोटं चुरचुरायला लागली, पण ती सोलत राहिली. पहिला दाणा तिनं स्वतः खाल्ला. दुसरा आत्याच्या ओठांशी नेला. गुरम्मानं हात पदरातून बाहेर काढले नाहीत. नुसतं तोंड उघडलं.