अर्ध्या तासाची सरासरी

माघ सरण्यापूर्वीच पाथर्डीच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात उन्हाने चैत्राचे रूप धारण केले, आणि गहिनीनाथ गर्जे याचे सारे गणित कोलमडले. त्याचे दूध शीतकरण केंद्र दोन कॉम्प्रेसरांवर चाले. दिवाळीनंतर थंडीत एकानेच भागते, म्हणून विजेचा मंजूर भार कमी करून घ्यायचा आणि गुढीपाडव्यापासून तो पूर्ववत करायचा, हा त्याचा सहा वर्षांचा परिपाठ. ऋतूवर विसंबणे हा काही गुन्हा नव्हे. शेतकरी दुसरे करतो तरी काय? पण ऋतूने शब्द फिरवला, तरी कागदावरचा भार फिरत नाही. वाढीव भाराचा अर्ज त्याने तातडीने दिला होता. तो लागू व्हायचा पुढल्या महिन्यापासून. मंजुरीपलीकडे वीज ओढल्याच्या दंडाने मागच्या महिन्याचे डेअरीकडून मिळालेले कमिशन गिळले होते. पुन्हा तसे झाले असते, तर कोंडीरामच्या पगारालाही काही उरले नसते.

यातून वाट काढली ती कोंडीरामनेच. तो केंद्रावरचा जुना यंत्रचालक. दंड ठरतो अर्ध्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर, हे त्याला ठाऊक होते. म्हणून दुसरा कॉम्प्रेसर दहा मिनिटे चालवायचा, वीस मिनिटे बंद ठेवायचा; सरासरी मर्यादेत राहते. दुपारची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग, हे दरपत्रक त्याला मान्य नव्हते. "गाईला सांगा की मग, दुपारी पान्हा सोड म्हनावं," असे तो म्हणे.

नऊ दिवस ही युक्ती फळली. दहाव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, घड्याळाकडे पाहत कोंडीरामने खटका दाबला. कॉम्प्रेसर गुरगुरला, थरथरला आणि गप्प झाला. मोटारीचे वाइंडिंग जळाल्याचा उग्र वास खोलीभर पसरला.

"रोज इतक्यांदा उठवलं-बसवलं," कोंडीराम खाली बसत म्हणाला. "मानूस असता तर कवाच गेला असता."

गहिनीनाथने टाकीवरचा काटा पाहिला. अकराशे लिटर दूध, सव्वीस अंश. नऊला डेअरीचा टँकर येणार. दूध चार अंशांवर नसेल, तर घेणार नाही. गेल्या महिन्यात, दुसरा कॉम्प्रेसर सुरू करण्यापूर्वी, एकदा ते नाकारले गेलेच होते. पुन्हा नाकारले तर केंद्र बंद, असे लेखी पत्र आले होते. एकट्या कॉम्प्रेसरला या उकाड्यात मध्यरात्र झाली असती.

"बर्फ आनू," कोंडीराम हळूच म्हणाला. "फॅक्टरी जवळच हाय. धा लाद्या टाकू दुधात. थंडी बी मिळंल, माप बी वाढंल."

गहिनीनाथचे मन डळमळले. त्याने खिशातून मोबाईल काढला, बर्फवाल्याचा नंबर शोधला.

"लाव की," दारातून आवाज आला. केंद्राला दूध घालणारी भागूबाई तिथे रिकामी किटली घेऊन उभी होती. तिचा मुलगा आणि सून दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेले. चार गाई आणि दोन नातवंडे तिच्या गळ्यात. "थांबलास का? मागं माज्या किटलीत तांब्याभर पानी निघालं, तर आठ दिस दूध बंद केलंस माजं. चार मानसांत चोर म्हनलास. आता धा लाद्यांला काय म्हनायचं, तेवढं सांगून ठेव."

"मावशी, केंद्र बंद पडंल."

"पडंल की. मी कुटं न्हाई म्हनते?"

तिच्या वाक्यात उपदेश नव्हता, दयाही नव्हती. बर्फवाल्याऐवजी त्याने डेअरीत दूध संकलन पाहणाऱ्या योगेशला फोन लावला.

"टँकर पाठवू नका. दूध थंड झालेलं नाही."

"गर्जेभाऊ," पलीकडून योगेश म्हणाला, "हे तुम्ही मला अधिकृत सांगताय का? कारण मग मला लिहावं लागेल."

"लिहा."

"केंद्र बंद करणं दोन दिवस थांबवता आलं असतं तर बघितलं असतं. वरून आदेशच तसा आहे. उद्यापासून गाडी त्या रस्त्याला येणार नाही."

फोन ठेवल्यावर त्याने कोंडीरामला गावात पाठवले: ज्याने जेवढे घातले तेवढे परत घेऊन जा, आत्ताच उकळा, जमेल त्याने खवा करा. अर्ध्या तासात दारापुढे रांग लागली. त्यात बहुतेक म्हातारीच माणसे. धडधाकट सगळी उसाच्या फडावर. कोणी भांडले नाही. भांडले असते तर गहिनीनाथला सोसणे सोपे गेले असते. वही पाहून तो मापाने दूध परत ओतत राहिला.

भागूबाईची सात लिटरची किटली भरली. किटली उचलून ती निघाली आणि दोन पावलांवर थांबली.

"गहिनी, सकाळचं कुटं घालू?"

"घरीच ठेव, मावशी."

"चार गाईंचं? पोरं पितील तांब्याभर. पेंड कशानं आनू मग?"

शेवगावला दुसरे एक केंद्र होते. पण तिथवर दूध नेणारा टेम्पो या वस्तीवर कधीच येत नसे, हे तिला ठाऊक होते आणि त्यालाही.

मागचा म्हातारा किटली पुढे सरकवून उभा होता. गहिनीनाथने माप टाकीत बुडवले.