बरणीतलं ब्रह्मांड

सानपाड्याच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव पडला होता आणि मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत गेला होता. पुढे चौरंगावर काचेची बरणी, तिच्याखाली कपड्याआड लपवलेला दिवा, आणि बरणीतल्या केशरी पाण्यात एक सोनेरी गोळा. उजेड त्याच्या आरपार जात होता आणि आत गडद सावली हलत होती. परवापर्यंत हा गोळा लिंबाएवढा होता आणि आज मोसंबीएवढा झाला, असं शपथेवर सांगणारे लोक पहिल्या रांगेतच बसले होते.

ब्रह्मांडनाथ महाराजांनी माइक जवळ ओढला. "सायंटिस्ट लोक आज काय सांगतात? युनिव्हर्स एका बिंदूतून निघालं आणि एक्स्पांड होतंय. त्यासाठी त्यांनी डोंगराएवढ्या दुर्बिणी लावल्या. आमच्या गुरूंनी तेच बरणीत आणून ठेवलं. हा हिरण्यगर्भ. जे पिंडी ते ब्रह्मांडी. हा वाढतोय तसं तुमचं घर वाढेल, धंदा वाढेल, पोटातलं लेकरू वाढेल."

टाळ्या पडल्या. दुर्बिणवाल्यांना कुणी विचारायला गेलं नव्हतं, त्यामुळे त्यांची बाजू काही मांडवात आली नाही.

मागच्या बांबूला टेकून मधुकर सर ऐकत होते. विज्ञानाचे शिक्षक, निवृत्ती तोंडावर आलेली. उभ्या हयातीत त्यांनी तळहातावर कापूर जाळून दाखवला होता, पाणी शिंपडून नारळ पेटवला होता आणि त्यामागची रसायनं नावांनिशी सांगितली होती. गेल्या वर्षी गावोगावचे गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा ते देवळाबाहेर चमचा घेऊन बसले आणि दाराची पितळी कडीसुद्धा तेवढंच दूध पिते, हे त्यांनी दाखवलं. लोक म्हणाले, सर, तुमचं बरोबर आहे, पण जरा बाजूला व्हा, रांग खोळंबलीय. त्या दिवसापासून सरांनी हे काम सोडलं होतं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, असं ते म्हणत.

आजही ते आले नसते. पण तिसऱ्या रांगेत त्यांची मुलगी क्षिप्रा बसली होती आणि तिच्या शेजारी त्यांची बायको जयमाला. साऱ्या नव्या मुंबईला शहाणं करायला निघालेल्या माणसाच्या घरात ही गत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

क्षिप्रा बाळंतपणाला माहेरी आली होती. बँकेत नोकरीला असलेली, शिकलेली मुलगी. नवरा अभिराम कंपनीच्या कामाला बडोद्यात. तिचं पहिलं बाळ इस्पितळातच गेलं होतं. त्या रात्रीचं तिला दुसरं काही आठवत नव्हतं, फक्त डोक्याशी टांगलेली सलाईनची बाटली आणि तिच्यातून पडणारे थेंब आठवत. आता आठवा लागला होता आणि पाय इतके सुजले होते की चप्पल चढेना. वडिलांच्या सपाता घालून ती मांडवात आली होती.

महाराजांनी ते पाय पाहिले आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "माते, ही विस्ताराची खूण. तुझ्या पिंडात ब्रह्मांड वाढतंय." त्यांनी तिला लाल कपड्यानं तोंड बांधलेली छोटी बरणी दिली. आतला गोळा वाढतो तोवर बाळ सुखरूप, दर गुरुवारी जुना गोळा खाडीत सोडायचा आणि नवा न्यायचा. पथ्य एकच. "मिठाचा स्पर्श नको. अळणी जेव. आणि दवाखान्यात सलाईन लावतात ना, ते मीठपाणीच. मिठानं ब्रह्मांड आकसतं. मग प्रलय."

क्षिप्रानं बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. थेंब बरोबर जिथे पडायला हवा होता तिथेच पडला होता.

डॉक्टर संघमित्रा यांनी आधीच बजावलं होतं. रक्तदाब चढलाय, लघवीतून प्रथिनं जातायत, ही सूज बाळ वाढल्याची नव्हे, धोक्याची आहे. गोळ्या चुकवू नका. डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं तर तडक वाशीला भरती व्हायचं, नाहीतर आई आणि बाळ दोघंही हातातून जातील. बरणी घरी आली आणि गोळ्या बंद झाल्या. डॉक्टर बिचाऱ्या स्वतः घरी आल्या, तर क्षिप्रानं रक्तदाब मोजायला हात पुढे केला नाही. तिला रागावू नका, घाबरवू तर मुळीच नका, एवढंच त्या जाताना सरांना म्हणाल्या.

सर मग न रागावता बोलले. महाराजांचं निम्मं खरं आहे म्हणाले, आणि म्हणूनच ते जास्त वाईट आहे. विश्वाला आरंभ होता हे खरं. पंधरा अब्ज वर्षांपूर्वी म्हण, कुणी कमी म्हणतं कुणी जास्त, सगळं अतिशय तापलेलं आणि दाटीवाटीचं होतं. तेव्हापासून ते पसरतंय आणि निवतंय. त्या आरंभाची ऊब अजूनही साऱ्या आकाशात आहे, ती उपग्रहानं मोजली आहे. ते हे सांगत असताना जयमालेनं टेबलावर ढोकळा आणून ठेवला. सरांनी त्यातला मटारचा दाणा बोटानं दाखवला.

"पीठ फुगतं तेव्हा दाणे एकमेकांपासून लांब जातात. दाणा फुगतो का? विश्वाचं तसंच. दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्यात, कारण मधली जागाच ताणली जाते. फक्त या ढोकळ्याला कड नाही आणि मध्यही नाही. पण पृथ्वी फुगत नाही, हे टेबल फुगत नाही. क्षिप्रा, विश्व पसरतं म्हणून माणसाचे पाय सुजत नाहीत."

क्षिप्रा शांतपणे म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी मी सगळं डॉक्टरांचं ऐकलं होतं."

सर गॅलरीत जाऊन बसले. त्यांना फार थकवा आला होता. अनोळखी माणसाचा मूर्खपणा सहन होतो, त्यावर विनोदही सुचतात. आपल्या लेकीचं दुःख आणि एका भोंदूची चलाखी यांची गाठ पडली की तोंडच बंद होतं.

त्यांच्या डोक्यात मात्र मीठ घोळत राहिलं. भोंदू ज्याची मनाई करतो तिथेच त्याची किल्ली असते, हे त्यांना ठाऊक होतं. याला मिठाचं भय का? आणि देवघरात, धुपाच्या आडून, क्षिप्राच्या बरणीजवळ तो आंबट वास कसला येत होता? सर उठले आणि पिशवी घेऊन खाली उतरले.

अंडी मिळवायलाच त्यांना रेल्वे लायनीपलीकडे जावं लागलं. महाराज आल्यापासून सोसायटीत कडक सोवळं होतं. सेक्रेटरी बाबासो यांनी फाटकावरची अंड्याची गाडी हाकलून लावली होती, दिवाळे गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या बायकांना जिना बंद केला होता आणि कचऱ्यात अंड्याचं टरफल दिसलं तर दंडाची नोटीस लावली होती. सरांनी अंडी वह्यांच्या गठ्ठ्याखाली दडवून वर आणली आणि व्हिनेगरच्या बाटलीसकट ओट्यावर ठेवली. जयमालेनं कपाळाला हात लावला, पण हाकललं नाही.

काचेच्या भांड्यात अंडं ठेवून सरांनी वर व्हिनेगर ओतलं. अंड्याभोवती बारीक बुडबुडे धरले. दोन दिवसांत टरफल विरघळून गेलं आणि आतल्या पातळ पापुद्र्यातलं लिबलिबीत अंडं तेवढं उरलं. सरांनी ते धुऊन साध्या पाण्यात सोडलं. भिजत घातलेली मनुका टरारते तसं ते पाणी पिऊन फुगलं. केशराच्या दोन काड्या आणि खालून विजेरी. हिरण्यगर्भ तयार झाला. दुसरं तसंच अंडं त्यांनी मिठाच्या दाट पाण्यात ठेवलं, ते आकसलं आणि त्याच्यावर सुरकुत्या पडल्या. मीठ लावल्यावर लिंबाच्या फोडींना पाणी सुटतं, जयमाला स्वतःशीच म्हणाली. मग ती येता-जाता भांड्यांकडे बघत राहिली.

रविवारी दुपारी सरांनी दोन्ही बरण्या क्षिप्रासमोर शेजारी शेजारी ठेवल्या. एक देवघरातली, एक ओट्यावरची. त्यांनी विचारलं, "यातली तुझी कुठली?"

क्षिप्रानं दोन्हींकडे निरखून पाहिलं. मग तिनं डोळे चोळले. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं, तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. "बाबा, मला नीट दिसतच नाहीये. सगळीकडे चमकतंय."

रिक्षा आणतो, आत्ताच्या आत्ता चल, असं ते म्हणाले. क्षिप्रानं खुर्चीचे हात घट्ट धरले. सलाईन लावतील, आतला गोळा आकसेल आणि याही वेळी बाळ जाईल, हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ढोकळा झाला, अंडी झाली, सरांचं सगळं सांगून झालं होतं.

जयमाला आतून थाळी आणि चमचा घेऊन आली. तिनं ओट्यावरच्या बरणीतला गोळा थाळीत घेतला आणि चमच्यानं फोडला. पांढरं पसरलं, मधोमध पिवळा बलक. मग तिनं देवघरातल्या बरणीचं लाल कापड सोडलं.

"आई, नको," क्षिप्रा म्हणाली.

"मीच तुला तिथे नेलं होतं," जयमाला म्हणाली आणि तिनं दुसराही गोळा फोडला. पांढरं पसरलं, मधोमध पिवळा बलक.

क्षिप्रा थाळीकडे बघत होती. जयमालेनं तिचा हात धरून पोटावर ठेवला. मग क्षिप्राचा चेहरा बदलला.

"लाथ मारतंय," ती म्हणाली.

"मारणारच. त्याचं काय गेलंय? ऊठ, सपाता घाल."

वाशीच्या इस्पितळात तिला लगेच आत घेतलं. हाताला सुई लागली, डोक्याशी बाटली टांगली गेली. डोळे मिटून ती थेंबांचं पडणं सहन करत राहिली आणि जयमाला तिच्या उशाशी बसून राहिली. पहाटे शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. दिवस पूर्ण भरायच्या आतली, इवलीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सर त्या काचेला नाक लावून उभे राहिले.

डॉक्टर संघमित्रा म्हणाल्या, आणखी एक दिवस घालवला असता तर दोघी नसत्या. आणि त्यांनी हेही सांगितलं, की मांडवातून बरणी घेतलेल्या आणखीही बायकांनी दवाखान्यात येणं सोडलंय.

म्हणून गुरुवारी सर पुन्हा मांडवात गेले. उत्साह असा काही नव्हता. जागरणानं डोळे चुरचुरत होते. महाराज बिंदू आणि विस्ताराचं आख्यान लावून बसले होते. सरांनी चौरंगाशी जाऊन पिशवी उघडली आणि माइक न मागता शाळेतल्या आवाजात बोलायला सुरुवात केली. अंडं, व्हिनेगर, पाणी, मीठ. एकेक वस्तू वर धरून दाखवली, टरफल गेलेलं अंडं लोकांच्या हातात दिलं. मग महाराजांना म्हणाले, तुमच्या बरणीत मूठभर मीठ टाका, आपण सगळे उद्यापर्यंत इथेच बसू. महाराजांना एकाएकी समाधी लागली.

सेक्रेटरी बाबासो मात्र लालबुंद झाले. "सर, पवित्र मांडवात तुम्ही अंडं आणलंत?"

"ते आधीपासूनच होतं, बाबासो. तुम्ही रोज त्याची आरती करत होता."

हशा पिकला. काही जण रागानं उठून गेले, काहींनी महाराजांनाच नमस्कार केला. सरांनी ते पाहिलं. हे महाराज उद्या खाडीपलीकडे उलव्याला मांडव टाकतील, हेही त्यांना कळत होतं. तरी ते बोलले.

"विश्व कसं सुरू झालं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण जे कळलंय ते माणसांनी शंका विचारून, मोजून, चुका सुधारून मिळवलंय. ते कुणाच्या बरणीत नाही, सगळ्यांचं आहे. जो माणूस बरणी उघडू देत नाही, त्याला पहिला प्रश्न विचारा. आणि पायाला सूज आली, तर आकाशाकडे बघू नका. डॉक्टरकडे जा."

एवढं बोलून त्यांनी पिशवी आवरली. दमून ते चपला शोधत होते, तेव्हा बायकांच्या रांगेतून एक पोटुशी बाई हळूहळू त्यांच्यापर्यंत आली. तिच्या हातात लाल कपड्यानं बांधलेली बरणी होती. ती खाली, स्वतःच्या पावलांकडे बघत होती.

"सर, त्या डॉक्टरबाई किती वाजेपर्यंत असतात?"

सरांनी तिच्या हातातली बरणी घेतली आणि मांडवाच्या कडेला जमिनीवर ठेवली. "आत्ता आहेत," ते म्हणाले, "चल, मी येतो तुझ्याबरोबर."