ज्वारीवर ज्वारी

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. माझं कौतुक कुठे ऐकलं असेल, तर ते आधी विसरा आणि मग पुढचं वाचा.

दोन जाड दगड, एक मोटर आणि एक पट्टा, एवढाच माझा संसार. बाजाराच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत मला बसवलं, तेव्हा मालकांच्या मिशा काळ्याभोर होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझं गरम पीठ चिमटीत धरून जिभेवर ठेवलं होतं. तेव्हापासून त्यांचा एक शिरस्ता होता. सकाळी गहू, दुपारनंतर ज्वारी. मधे दगडांवरून ब्रश फिरवायचा आणि ओंजळभर ज्वारी दळून फेकून द्यायची. बायका डबा खाली ठेवतानाच बजावायच्या, "ज्वारीवर ज्वारीच टाका हो!" मालक हसून म्हणायचे, "चाळीस वर्षं दळतोय, ताई. आता मला शिकवता?"

कुणाचं काही बिघडत नव्हतं. ज्वारीत चिमूटभर गहू गेला, तर कुणाच्या पोटाला कळतंय? कळलं ते मालकांच्या नातीच्या पोटाला.

तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती आणि तिची आई मालकांकडेच राहायच्या. चिमणी आठ वर्षांची झाली, तरी सहाची दिसायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. खोलीच्या चौकटीवर मालक पेन्सिलीने तिच्या उंचीची खूण करायचे आणि दर वेळी नवी खूण जुनीवरच पडायची. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट अंश असतो, तो हिला सोसत नाही. गहू कायमचा बंद, कणभरसुद्धा नाही.

चिमणीच्या आईने दुकानातून सीलबंद पाकिटातलं पीठ आणलं. मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरची गिरणी असताना पाकिटं? आपल्या शिवारातली ज्वारी, आपल्या दगडांवरचं पीठ. पोरगी बघता बघता टुणटुणीत होईल." गावालाही ते पटलं. बघता बघता ज्वारी-बाजरीचे दिवस आले. ज्यांना गव्हाने काहीच होत नव्हतं, तेही पथ्य करू लागले. मालकांनी माझ्या डोक्यावर रंगीत पाटी लावली: 'ग्लुटेन-फ्री पीठ. आपल्या मातीतलं, आपल्या गिरणीतलं.' लोक पाटीखाली उभं राहून फोटो काढायचे. तेव्हा मीही फुगले होते, हे कबूल करते.

चिमणी मात्र पोट धरूनच बसायची. शाळेत वाढदिवसाचा केक वाटला, की ती हात मागे बांधून उभी राहायची. तरी पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, हिच्या पोटात अजून गहू जातोय.

मालकांनी तिला माझ्यासमोर उभं केलं. दप्तर उलटं केलं, कंपासपेटीसुद्धा उघडून पाहिली.

"खरं सांग, कुठे खाल्लंस?"

"नाही खाल्लं, आजोबा."

"मग काय डॉक्टर खोटं बोलतात?"

तिची आई खाली वाकून सांडलेल्या वह्या गोळा करू लागली. तिने लेकीची बाजू घेतली नाही, याचा मला मालकांच्या झडतीपेक्षा जास्त राग आला. कारण गहू कुठून जातोय, हे मला ठाऊक होतं. माझ्या दगडांच्या खाचांत आणि झाकणाआडच्या कोपऱ्यांत तो घट्ट बसला होता. ब्रश वरवर फिरत होता आणि माझं तोंड फक्त दाणे खायला केलेलं होतं.

त्यानंतर एके दिवशी चिमणी माझ्या मागच्या कोपऱ्यात बसून खरोखरच बिस्किट खाताना दिसली. खाताना रडत होती. न खाताच चोर ठरली होती, मग खाऊन आणखी काय ठरणार होती?

मग माझे दगड गुळगुळीत झाले, म्हणून टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडून घ्यायला गेले. ते लांब दुसऱ्या गावाहून परत यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस चिमणी भात आणि भाज्यांवर राहिली. तिचं पोट दुखायचं थांबलं. ती अंगणात पळू लागली. दगड परत आले, पहिलं पीठ घरी गेलं आणि चौथ्या दिवशी पोरगी पुन्हा अंथरुणात.

तेव्हा तिच्या आईने माझं झाकण उघडलं. आतल्या कोपऱ्यातून नखाने पांढुरकी खपली काढली आणि मालकांच्या तळहातावर ठेवली. "बाबा, गहू हिच्या दप्तरात नव्हता."

मालकांनी ती खपली चिमटीत चुरून पाहिली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरात एक छोटी नवी गिरणी आणली, फक्त चिमणीसाठी. चौकटीवरची खूण आता वर सरकते आहे. तिची माफी मात्र कुणी मागितली नाही. आणि माझ्या डोक्यावरची पाटी जिथे होती तिथेच राहिली.

काल एक बाई आली. तिच्या बोटाला धरून फिकट चेहऱ्याची एक लहानगी होती. "ज्वारीवर ज्वारीच टाका हं, दादा. हिला गहू अजिबात चालत नाही. पाटी वाचून लांबून आलेय."

चिमणी दारात उभी होती. ती म्हणाली, "काकू, इथे नका दळून घेऊ. ह्या गिरणीत गहू आहे."

मालकांचा हात डब्यावरच थांबला. मला वाटलं, आता पाटी उतरणार. पण ते हसले आणि म्हणाले, "तिचं नका मनावर घेऊ. तिला खोटं बोलायची सवय आहे."

बाईने एकदा चिमणीकडे पाहिलं, एकदा पाटीकडे. मग डबा पुढे केला. मालकांनी बटण दाबलं आणि मी दळू लागले. मला दुसरं काही येतच नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. माझे फार लाड झाले आहेत. तुम्ही फक्त पाटी वाचून थांबू नका, झाकण उघडून आत बघा. आणि एखादं मूल पोट धरून म्हणालं की मी नाही खाल्लं, तर त्याचं दप्तर उलटं करू नका.

चिमणी आज सकाळी माझ्यासमोरून शाळेत गेली. तिने दप्तर दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं होतं.