शीतलानंदांचं लाल पाणी

कल्याण मंटपात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, त्या रविवारी सकाळी तीस टब ओळीनं मांडले होते आणि तीस माणसं त्यांत पाय सोडून बसली होती. मागं चारशे लोक हात जोडून उभे. टबातलं पाणी आधी स्वच्छ, मग पिवळट, मग तांबूस, आणि पंधरा मिनिटांत विटेसारखं लाल! "आली, आली बाहेर!" पहिल्याच टबातली चंद्राबाई किंचाळली आणि अख्ख्या मंटपानं टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. लपवायचं काय त्यात?

मी गुंडो, मूळचा निपाणीकडचा. इकडं कन्नड मुलखात, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंडावर मुलामा चढवायच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं टाक्यांवर काम करतोय. खारट पाण्यात लोखंड बुडवून वीज सोडली की काय होतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं माझी लाज केवढी ते कळेल.

चौथ्या टबात माझी अक्का होती, थोरली बहीण अनुसूया. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. दहा वर्षं तिचे हातापायांचे सांधे सुजलेले, सकाळी उठली की बोटं मिटायची नाहीत. डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी दिली होती आणि थांबवायची नाही म्हणून बजावलं होतं. गेले तीन महिने ती गोळी बंद होती.

कारण शीतलानंद स्वामी! स्वामी आमच्याच भागातले, आमच्याच मराठीत बोलणारे. दिवसभर कन्नड-हिंदीत डोकं घालणाऱ्या माणसाला तेवढंही पुरतं. माइक धरून ते विचारत, "सूज म्हणजे काय? आग! आग कुठं? रक्तात! रक्त उतरतं कुठं? पायात! मग आग काढायची कुठनं?" लोक ओरडत, "पायातनं!" एवढं शास्त्र कळल्यावर डॉक्टर हवा कशाला?

प्रत्येक टबात कडेला झेंडूच्या माळांनी झाकलेला एक डबा असे, वर हळदकुंकू. त्याला म्हणायचं शीतल यंत्र. आता आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मशिनीला माळ घातली, कुंकू लावलं, की दुसऱ्या दिवसापर्यंत तिला कुणी हात लावत नाही. मालकसुद्धा नाही. स्वामींना हे पक्कं ठाऊक. मंटपातले निम्मे लोक पीण्यातले फिटर, टर्नर, वेल्डर, पण एकानंही माळ उचलून खाली बघितलं नाही.

शिवाय रोज मधातून एक पांढरी पूड. ती सुरू केल्यावर अक्काचं दुखणं खरंच थांबलं होतं. म्हणून तर गोळ्यांची डबी उचलून कपाटावर टाकली. मी टाकली, अक्कानं नव्हे.

त्या रविवारी टबात बसून बोलता बोलता अक्का मधेच थांबली. मग हळूच म्हणाली, "गुंडो, छातीवर कुणी बसल्यागत होतंय रे. जबडा पण दुखतोय." कपाळावर घामाचे थेंब, चेहरा राखेसारखा. मी ओरडलो,

"स्वामी, अक्काला बघा की जरा!"

स्वामी हसत आले. "घाम फुटला? शाब्बास! आग निघताना झटका देतेच. पण अर्ध्यातनं उठवलंत तर उलटून काळजात शिरेल. मग मला बोल लावायचा नाही."

"बसू दे, बसू दे तिला!" मागून लोक ओरडले. अक्कानं माझं मनगट आवळून धरलं. "नको उठवू रे. उलटेल."

उठवावं तर आग काळजात शिरणार, न उठवावं तर अक्का माझ्या डोळ्यांदेखत जाणार. इतका घाबरलो होतो की देवाचं नाव आठवेना.

तेवढ्यात पाचव्या टबाकडं नजर गेली. तिथले आजोबा आटपून उठले होते. सेविकेनं ताजं पाणी ओतून मूठभर मीठ टाकलं होतं आणि पुढचा माणूस अजून चप्पल काढत होता. सगळ्या टबांना बटण एकच. त्या रिकाम्या टबात माळेखालून बारीक बुडबुडे वर येत होते आणि पाणी पिवळट व्हायला लागलं होतं.

त्यात कुणाचेच पाय नव्हते.

अरे देवा, बावीस वर्षं हेच तर बघतोय मी! माळ ओरबाडली, डबा उपटून वर काढला. आत दोन लोखंडी पट्ट्या आणि दोन वायरी. एक पट्टी गंजानं खाल्लेली.

"बघा रे, डोळे उघडून बघा! आग नव्हे, गंज आहे हा! रिकामा टब लाल होतोय. पाय कुणाचे आहेत त्यात, स्वामींच्या बापाचे?"

 चंद्राबाईनं आधी एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. "यंत्र विटाळलं," असं पुटपुटत स्वामी मागच्या दाराकडं सरकले. मी थांबलो नाही. अक्काला तशीच ओल्या पायांनी उचलली आणि रिक्षात घातली.

रिक्षात ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "उलटली काय रे?" "नाही अक्का," म्हणत होतो, पण खोटं कशाला बोलू, मलाही तीच भीती वाटत होती.

हॉस्पिटलात डॉक्टर प्रणितांनी हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली. बाहेर आल्या तेव्हा मी भिंतीला धरून उभा होतो.

"स्वल्प, जरा बसा आधी," त्या म्हणाल्या. "वाचल्या त्या. पण हृदयाचा थोडा भाग गेला तो गेला."

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आग म्हणाला ना तो? ते अगदीच खोटं नाही. सांध्यातली सूज सांध्यापुरती राहत नाही, वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही धुमसत ठेवते. तिथं साचलेली चरबी एक दिवस फुटते, वर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. ती गोळी नुसती दुखण्यावर नव्हती, ही सूज दाबून धरत होती."

"मग पुडीनं बरं कसं वाटलं?"

"तपासायला पाठवू. असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड नाहीतर दुखणं मारायचं औषध दळलेलं असतं. दुखणं झोपतं, धोका आत वाढत राहतो."

म्हणजे आग खरी होती. ती पायातून निघते, एवढंच खोटं होतं, आणि तेवढ्यानंच अक्काचा जीव जात होता.

अक्का आता घरी आहे. एक जिना चढली की बसते. परवा म्हणाली, "मला दाखव की ते." मी बादलीत मीठपाणी घेतलं, दोन लोखंडी पट्ट्या सोडल्या, कारखान्यातला छोटा चार्जर जोडला. पाणी लाल झालं. अक्कानं वाकून बादलीत बघितलं.

"मग तीन महिने माझ्यातनं काय निघालं रे?"

"काहीच नाही, अक्का."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्या आठवड्याची गोळी मागितली.

तुम्हालाही कुणी असंच भिववलं, उठलात तर उलटेल म्हणाला, तर भिऊन बसून राहू नका. आधी पाय न घालता चालवून दाखव म्हणा. आणि डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, घरात माझ्यासारखा शहाणा असला तरी.