भिंतीशी जुळवलेली नजर

मित्रांनो, माणूस नेमका कुठे बघतो ते दाखवणारा मी एक जुना पट्टा आहे. मला डोक्याला बांधतात. माझा एक इवलासा कॅमेरा डोळ्याचं बुबुळ टिपतो, दुसरा कपाळावरून समोरचं चित्र घेतो. नजर जिथे असेल तिथे त्या चित्रात लाल फुली उमटते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला तयार केलं, तेव्हा माझं फार कौतुक झालं आणि मी फुशारलो. आज ते दिवस आठवले की मला माझीच किळस येते.

२००३ साली एक साहेब मला शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात घेऊन गेले. तिथे बत्तीस बायका टेबलांशी समोरासमोर बसून लोखंडी रिंगा तपासत. केसाएवढी चीर दिसली तरी रिंग बाजूला काढत. चिरलेल्या काही रिंगा गिऱ्हाइकाकडे पोचल्या होत्या, आणि कुणाचं लक्ष नसतं ते शोधायचं काम साहेबांकडे होतं.

मला प्रत्येकीच्या डोळ्याशी आधी जुळवून घ्यावं लागतं. तिने ठिपक्यांकडे एकेक करून बघायचं, म्हणजे मला तिची नजर कळते. साहेब त्याला कॅलिब्रेशन म्हणत, बायका सेटिंग. रिंग हातभर अंतरावर धरत, तर ठिपकेही हातभरच अंतरावर हवे होते. साहेबांनी ते दहा फुटांवरच्या भिंतीला चिकटवले. ठिपक्यांचा फळा टेबलाटेबलावर हलवायचा त्यांना कंटाळा.

समोरचं चित्र घेणारा माझा कॅमेरा डोळ्याच्या वर बसवलेला. त्यामुळे लांबच्या भिंतीशी जुळवल्यावर जवळच्या वस्तूवर माझी फुली बसत नाही, तीन बोटं वर सरकते. मी तशीच ती दाखवत राहिलो.

शिवाय मला कुणी धूत नव्हतं. एकीच्या घामाने भिजलेला मी तसाच दुसरीच्या कपाळावर चढायचो. आंबट वास मारायचो, तेलाने चिकट झालो होतो. साहेब मला दोन बोटांनी धरत आणि नाक मुरडत. बायका निमूट मान पुढे करत.

कवठे येमाईची धुरपदा तिथे सहा वर्षं काम करत होती. तिने काढलेली रिंग कुणी पुन्हा तपासत नसे. साहेबांनी तिची फिल्म सगळ्यांसमोर टीव्हीवर लावली. फुली रिंगेवर नव्हती, समोर बसलेल्या साखरबाईच्या गळ्याखाली होती. साहेब हसून म्हणाले, बाईंची नजर कुठे असते ते बघून घ्या. दोघे-तिघे पुरुष हसले. साखरबाईने पदर ओढून घेतला.

सुपरवायझर बबनराव खाली मान घालून म्हणाले, की धुरपदाने उद्यापासून जमिनीवरचं तेल पुसायचं. वरवंडच्या गिताबाईला तर अशाच फिल्मवरून आदल्या दिवशी कामावरून काढलं होतं.

साखरबाईच्या सेटिंगच्या वेळी फुली भिंतीवरच्या ठिपक्यांवर अगदी नेमकी बसलेली धुरपदाने पाहिली होती. तेच तिच्या डोक्यात घोळत असावं.

"बबनमामा, मला ते परत बांधा, सेटिंग तसंच भिंतीवर करा," ती म्हणाली. "आन् तुम्ही टीव्हीकडं बघा."

तिने साखरबाईला एक रिंग घेऊन भिंतीपाशी उभं केलं, आणि रिंग छातीशी धरून हळूहळू जवळ यायला सांगितलं. भिंतीपाशी फुली रिंगेवर होती. साखरबाई अर्ध्या वाटेवर आली तशी फुली वर चढू लागली. हातभर अंतरावर ती रिंग सोडून साखरबाईच्या गळ्यापाशी पोचली.

"मी रिंगच बघतीया मामा," धुरपदा म्हणाली. "तवाबी रिंगच बघत हुते."

बबनराव साहेबांकडे वळले. साहेबांनी खांदे उडवले. जवळ जुळवायला हवं होतं हे आपल्याला ठाऊक होतं, पण बत्तीस जणींना कोण तेवढा वेळ देणार, असं ते सहज बोलून गेले.

धुरपदाला तिची जागा परत मिळाली. तिने गिताबाईचं विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, की अहवाल वर गेला आहे, तो विषय संपला.

रविवारी धुरपदा एसटीने दौंड तालुक्यात वरवंडला गिताबाईकडे गेली. सोमवारी टेबलाशी बसून तिने साखरबाईला सांगितलेलं मी ऐकलं. आपले डोळेच गेले असं गिताबाईने मनाशी धरलं होतं. डोळ्याच्या डॉक्टरने नजर चांगली आहे असं सांगूनही ती त्याच्याकडे चष्मा मागत होती.

"तिला म्हनलं, तुजं डोळं नीट हायेत बाई," धुरपदा म्हणाली. "लई रडली."

मित्रांनो, आता मी प्रयोगशाळेच्या कपाटात पडून आहे. अहवालातला गिताबाईवरचा शेरा कुणी खोडल्याचं माझ्या कानावर आलं नाही. माझ्यासारखं काही कुणाच्या कपाळाला बांधाल, तर आधी ते धुवा आणि त्या माणसाचं काम त्याच्या डोळ्यापासून किती लांब असतं ते मोजा. आणि चुकलात, तर त्याच्या दारापर्यंत स्वतः जा. वरवंडला जायचं काम धुरपदाचं नव्हतं.