फणीचे दात

आमच्या चांगुणाचा नवरा ट्रक चालवायचा. खोकून खोकून गेला. लोक तोंडावर टीबी म्हणत, पाठीमागे एड्स. वर्ष सरलं तसा सासूने तिचा पाट धाकट्या दिराशी, भिमाजीशी, लावायचं ठरवलं. पण आधी सुनेचं रक्त तपासा म्हणाली, माझा पोरगा सोन्यासारखा आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी बहिणीसाठी नगरहून यशोधरा नर्सला तिसगावात मीच आणलं. दवाखान्यात नेलं असतं तर रांगेतच गावभर झालं असतं.

गाव तरीही जमलंच. नर्सच्या हातात थर्माकोलचा डबा दिसला आणि पोलिओचा डोस आला म्हणून बाया कडेवर पोरं घेऊन ओट्यावर हजर. डोस न्हाई, घरी जा, म्हणून मी दोनदा ओरडले. एक हलेल तर शपथ.

आत नर्सने चांगुणाचं रक्त काढलं, निवळू दिलं आणि डब्यातून प्लॅस्टिकची फणी काढली. एका माणसाच्या रक्तात फणीचा एक दात बुडवायचा. दातावर एकच ठिपका उमटला तर काही नाही, दोन उमटले तर नगरला पुन्हा तपासणी. मी आत-बाहेर करत राहिले. बाहेर पोरांची रडारड, आत सासूचं पुटपुटणं. दोन निघाले तर ही बाई माझ्या बहिणीला आजची रात्रही घरात काढू देणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. चांगुणा भिंतीला टेकून फणीकडे बघत बसली होती.

एकच ठिपका उमटला. मी तिथंच रडले. सासूने देवापुढे साखर ठेवली, भिमाजीला आत बोलावलं आणि पाटाचा दिवस काढायची घाई सुरू केली.

चांगुणाने नर्सला विचारलं, "बाई, फनीचे दात उरल्यात ना?" मग ती दिराकडे वळली. "भावजी, तुमी त्यांच्याच ट्रकवर क्लिनर हुता. जिथं ते उतरायचे तिथं तुमीबी उतरायचा. बसा हितं."

बाप्याचं रक्त कोण तपासतं, असं सासू म्हणाली. आम्हा कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. नर्स म्हणाली, जबरदस्ती नाही, त्यांची मर्जी.

भिमाजी दाराकडे गेला. ओटा बायांनी भरलेला, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. तो मागे फिरला, चांगुणासमोर बसला आणि बाहीचं बटण काढू लागला. ते काही त्याला निघेना. शेवटी तिनेच काढलं.